लाल टोप्यांचा हंगाम

ऑगस्ट संपत आला की मी उजव्या अंगठ्याचं नख कापायचं सोडून देते. पुण्यात त्याचा काही उपयोग नाही. कीबोर्डवर ते मध्ये येतं, आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलाने एकदा दबक्या आवाजात विचारलं की हे काही व्रत वगैरे आहे का. मी हो म्हटलं. व्रत म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत. खरं सांगायला गेले असते तर आधी कापसाचं फूल समजावून सांगावं लागलं असतं, आणि त्याला पाच मिनिटांत मीटिंग होती.

कापसाचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी गळतं. माझ्या माहेरी, वाटूर फाट्यावरून आत गेल्यावर, बहुतेकांना ते असंच दिसतं. पण ज्यांच्या शेतात सीड प्लॉट असतो त्यांना फूल दिसायच्या आधी कळी दिसते. विकायचा कापूस आपोआप येतो. ज्याची सरकी पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पिशवीत जाणार, तो कापूस मात्र हाताने घडवावा लागतो. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच ओळखायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले परागाचे दाणे सालीसारखे सोलून काढायचे, मधली नाजूक काडी शाबूत ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची छोटी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच्या दुसऱ्या जातीच्या झाडांची फुलं आणायची, टोपी काढून ते पराग त्या काडीला लावायचे, आणि हे झालं याची खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. दुपारी सोलायचं, सकाळी लावायचं. दीड-दोन महिने, रोज, एकेक कळी. ह्या सगळ्याला गावात एकच शब्द आहे, क्रॉसिंग.

क्रॉसिंगच्या दिवसांत बाया अंगठ्याचं नख वाढवतात. माझं पुण्यातलं नख हे त्याचंच उरलेलं शेपूट.

मी एकच हंगाम पूर्ण पाहिला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, फाट्यावर कुत्रं चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून ओसरीवर आडवा झाला. त्याच वर्षी वहिनीने सीड प्लॉट घेतला होता. दादाने नव्हे, वहिनीने, स्वतःच्या नावावर. गावात बाईच्या नावावरचा तो पहिलाच प्लॉट, त्यामुळे तो पडावा असं उघडपणे कोणी म्हणत नसलं तरी तो पडला तर काय बोलायचं हे बऱ्याच जणांनी ठरवून ठेवलेलं होतं. प्लॉट पडणं म्हणजे झाडं पडणं नव्हे. बियाणं तयार झालं की ज्या कंपनीसाठी ते पिकवलं ती त्यातला नमुना दुसरीकडे कुठेतरी पेरून बघते. त्यात भेसळीची झाडं निघाली तर सगळं बियाणं नापास. मग दोन महिने नखांनी घडवलेला कापूस साध्या कापसासारखा जिनिंगवर जातो, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला प्लॉट कोणी देत नाही. निकाल उन्हाळ्यात येतो. चूक सप्टेंबरात झालेली असते.

आमच्या ऑफिसने तेव्हा घरून काम करायला परवानगी दिली होती. कुठल्या घरून, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी लॅपटॉप घेऊन माहेरी आले.

माझं काम काय, हे मला आजवर कोणालाही धड सांगता आलेलं नाही. ॲप बनवते का, असं विचारतात. नाही. वेबसाइट? नाही. मग लोक थोडे हिरमुसतात. तुम्ही फोनमध्ये फोटो साठवता, बँकेत कोणी पावती करतं, दवाखान्यात कोणी रिपोर्ट टाकतं, तेव्हा ते सगळं खाली खाली जात शेवटी एका डिस्कवर लिहिलं जातं. तिथे अगदी तळाशी एक प्रोग्राम असतो. त्याचं काम एवढंच, की लिहून झाल्यावर वरच्यांना उत्तर द्यायचं, 'लिहिलं.' वरचे त्या एका शब्दावर भरवसा ठेवून पुढे जातात. असल्या तळाच्या प्रोग्रामांचं काम मी करते. वीस वर्षं होत आली. माझ्या पदात 'सीनियर' हा शब्द आहे, त्याचा अर्थ मी स्वतः नवीन थोडं लिहायचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर शंका पुष्कळ घ्यायच्या. हे काम नीट झालं तर कोणाला कळत नाही. ज्यांचं काम दिसतं अशा माणसांना आमच्या धंद्यात भारी भारी पदव्या आहेत, शिल्पकार, द्रष्टे, धर्मप्रचारक. तळाशी काम करणाऱ्यांना फोन नंबर विचारतात, बिघडलं तर असावा म्हणून.

गावात रेंज फक्त गच्चीवर यायची, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला. तिथे मी खुर्ची टाकली आणि वर बाजेची चादर बांधली. मीटिंगमध्ये माझ्या मागे टाकी, शेवग्याचं झाड आणि कधी कधी शेजारच्यांची वाळत घातलेली मिरची दिसायची. एका सहकाऱ्याने बरेच दिवस तो खोटा देखावा समजून कौतुक केलं, कुठून डाउनलोड केला म्हणून.

खाली दादाच्या खोलीत मी एक जुना डेस्कटॉप ठेवला होता. त्यावर दिवसभर एकच चाचणी चालायची. लिही, वाच, लिहिलेलं आणि वाचलेलं एकच आहे का बघ. परत लिही. दादा दिवसभर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघायचा. लाईट गेली की ते बंद पडायचं, आली की आपलं आपण सुरू होऊन जिथं सोडलं तिथून परत रवंथ करायला लागायचं. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि माझा लॅपटॉप. दादा म्हणायचा, तुझ्या ढोराला वैरण बी लागत न्हाई आन् त्ये दूध बी देत न्हाई.

सकाळचं काम गच्चीवर उरकून मी शेतात जायचे. पुण्याची मंडळी तोवर जेमतेम जागी होत. सप्टेंबरातल्या सकाळी कापसाच्या रानाला एक ओलसर, थोडा तुरट वास असतो, पानांचा आणि फवाऱ्याचा मिळून. बाया ओळीने उभ्या असायच्या. नराची, म्हणजे बांधावरच्या त्या दुसऱ्या जातीची, फुलं ओच्यात, ओढणीत, कोणाच्या स्टीलच्या डब्यात. बोटं पिवळी. लाल टोप्या झाडांवर अशा दिसत जणू रात्रीतून कोणी कुंकवाचे ठिपके देऊन गेलं. लांबून रान सजवल्यासारखं दिसायचं. जवळ गेलं की पाठ मोडायची.

बायांमध्ये गयाबाई सगळ्यांत बोलकी. शेजारच्या गल्लीतली, वहिनीची मैत्रीण म्हणावी इतपत जवळची आणि मजूर म्हणून वेळेवर पैसे घेणारी. तिने पहिल्याच दिवशी माझी चौकशी केली. तिकडं काय काम असतंय, पगार बराबर देतात का, बसून का उभ्यानं. बसून म्हटल्यावर तिने नराचं फूल टोपी काढलेल्या काडीवर फिरवत शांतपणे सांगितलं, "म्हंजी ताई, एवढं शिकून बी तुमी बटनंच दाबून राह्यल्या."

मी हो म्हटलं. याहून बरोबर वर्णन कंपनीच्या कागदांतही नाही.

मला बाया सोलायचं काम मात्र देत नसत. माझं नख तेव्हा नव्हतं. दुपारी पुन्हा येऊन मी टोप्या घालायचे. कळी सोलली की तिच्यातली ती काडी इतकी उघडी, इतकी असहाय दिसते, की टोपी घालताना कोणाला तरी पांघरूण घातल्यासारखं वाटतं. हे मी एकदा मोठ्याने बोलले तर बाया आठवडाभर प्रत्येक टोपीला अंगाई म्हणत होत्या. टोपीचं काम असतं मधमाशीला दूर ठेवायचं. न सोललेल्या फुलांचे पराग पायांना लावून ती हिंडते, आणि उघडी काडी दिसली की तिथे टेकते. झाली भेसळ. बाहेरून काहीच दिसत नाही. बोंड तसंच धरतं, तसंच मोठं होतं, तसंच फुटतं.

नवरात्राच्या आधी मंडळाने माझा सत्कार ठरवला. मी नको म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांनी नम्रपणे सांगितलं की फ्लेक्स छापून झालाय.

फ्लेक्स फाट्यावरच लागला होता. माझा फोटो कुठल्याशा लग्नातून कापलेला, खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेलेला. खाली 'आंतरराष्ट्रीय संगणक तज्ज्ञ, गावची लेक'. माझ्याभोवती नऊ पुरुषांचे फोटो, त्यातले सहा माझ्यापेक्षा मोठे. फ्लेक्सवरच्या फोटोच्या आकारावरून कोणाचा कार्यक्रम आहे हे कधीच कळत नाही, फक्त वर्गणी कोणी दिली ते कळतं.

कार्यक्रम दुपारी तीनचा. प्रमुख पाहुणे परतूरहून यायचे होते आणि येत होते. मंडपात खुर्च्या दोनशे आणि माणसं समोरच्या दोन रांगांत. रिकाम्या खुर्च्या पाहुण्यांना कशा दाखवायच्या, म्हणून कोणीतरी ट्रॅक्टर शेतांकडे पाठवला. ट्रॉली भरून बाया आल्या, त्यात वहिनीच्या प्लॉटवरच्याही होत्या. गावच्या लेकीच्या सत्काराला गावच्या बाया नकोत का, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. वहिनी सकाळपासून स्वयंपाकघरात होती, कारण पाहुणे नंतर आमच्याच घरी जेवणार होते.

सत्कार रीतसर झाला. निवेदकाला विशेषणांची कमतरता नव्हती. माझ्यामुळे अमेरिकेचे कॉम्प्युटर चालतात असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने ते वाढवून अमेरिका चालते असं केलं. शाल, नारळ, ओटी. पाहुण्यांनी भाषणात बेटी, शेती, डिजिटल आणि स्वतःचा संघर्ष यांचा समाचार घेतला. उन्हं कलली. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बाया मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. पिवळी बोटं, काळी पडलेली नखं. त्यातल्या काही जणी पेंगत होत्या आणि मला त्यांचा फार हेवा वाटला.

नंतरचे आठ-दहा दिवस नेहमीसारखे गेले. माझं डोकं दुसरीकडेच होतं. दादाच्या खोलीतल्या ढोराने एका सकाळी पडद्यावर एक ओळ दाखवली. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही. चार दिवसांनी पुन्हा तसंच. दोन्ही वेळा नेमकं त्याआधी लाईट गेलेली. म्हणजे आमचा तळाचा प्रोग्राम 'लिहिलं' असं सांगून मोकळा झाला होता आणि प्रत्यक्षात लिहिलेलं नव्हतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत हे कधी दिसलं नव्हतं. तिथे लाईट जात नाही. आम्ही ती मुद्दाम घालवतो, ठरवून, शिस्तीत. गावची लाईट बेशिस्त होती. जाताना दोनदा डोळे मिचकावून जायची, येताना अर्धी यायची. तिने ते भोक शोधून काढलं.

नवी आवृत्ती त्याच आठवड्यात बाहेर पडायची होती, आणि 'माझी हरकत नाही' असं मी लिहिल्याशिवाय ती निघत नसे. आमचा मॅनेजर माझ्याहून बराच लहान, अतिशय सभ्य. त्याने सभ्यपणे विचारलं की मशीन किती जुनं आहे. घरातलं वायरिंग कसं आहे. पुण्यात कोणाला तसं काही दिसलंय का. ग्राहक वाट पाहून आहेत, आणि हा दोष असलाच तर इतका दुर्मीळ की पुढच्या आवृत्तीत निवांत बघू. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मलाही मशीन जुनं वाटत होतं, वायरिंग तर वडिलांच्या वेळचं. मी म्हटलं, परवा सांगते. मनात हो म्हणून झालं होतं.

त्याच दुपारी शेतात गयाबाई सत्काराच्या गप्पा काढून बसली होती. पाहुण्यांच्या भाषणात तिला झोप कशी लागली, खुर्चीवरून कशी पडता पडता वाचली, हे तिने करून दाखवलं. बाया हसत होत्या. मग तिने हसता हसताच सांगितलं की ट्रॅक्टरवाला इतका घाई करत होता की हिरीकडच्या ओळी जल्दी जल्दी सोलल्या, टोप्या घालायच्या तशाच राहिल्या. गठ्ठा बांधावर आणि बाया ट्रॉलीत.

वहिनीचा हात थांबला.

"आन् सकाळी?" ती म्हणाली.

"सकाळी लावले की पराग. दोरे बांधले." गयाबाई अजून हसतच होती. "तुमी व्हत्या न पाव्हन्यांच्या भांड्यांत."

मग तिलाही कळलं आणि ती हसायची थांबली.

विहिरीकडच्या ओळी म्हणजे प्लॉटचा चांगला पाचवा हिस्सा. त्या कळ्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत उघड्या होत्या. घाईत सोललेल्या. आत पराग राहिले असतील, मधमाशा येऊन गेल्या असतील, किंवा नसतीलही. आता त्यांची बोंडं धरली होती, दोऱ्यांसकट. आदल्या-नंतरच्या दिवसांच्या बोंडांमध्ये ती मिसळून गेली होती. सगळी सारखीच हिरवी, सारखीच टणक.

संध्याकाळी ओसरीवर यावर चर्चा झाली. दादाचं मत सरळ होतं. गप बसायचं. कोणाच्या प्लॉटवर काय काय होतं हे त्याला माहीत होतं. ऑर्गनायझर, म्हणजे कंपनी आणि शेतकरी यांच्यामधला माणूस, योगायोगाने दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आला. त्याला वहिनीने अंगावर न घेता विचारून पाहिलं, एखाद्या दिवशी टोप्या राहिल्या तर. तो म्हणाला, एवढ्याशानं काय होतंय, वहिनी. हे बोलताना त्याने कप खाली ठेवला नाही. तोही कदाचित बरोबर असेल. तिथेच तर अडचण होती. सगळे कदाचित बरोबर होते.

बोंडं तोडली तर माल कमी होणार हे नक्की. नाही तोडली तर सगळं बियाणं नापास होईल, कदाचित. एका बाजूला नक्की नुकसान, दुसऱ्या बाजूला कदाचित. माणूस नेहमी कदाचितच्या बाजूला झुकतो. माझा सगळा धंदा या झुकण्याच्या विरुद्ध उभा आहे, असं मी नव्या मुलांना शिकवत आले होते. पाठ झालेलं होतं.

वहिनी मला विहिरीकडच्या ओळींत घेऊन गेली. ती फारशी बोलत नाही. कमरेएवढ्या झाडांमधून पुढे जात होती, एखादं बोंड उलटून दोरा बघत होती, सोडून देत होती. विहिरीपाशी पोचल्यावर कठड्याला टेकून उभी राहिली.

"ताई, तुमच्या कामात आसं झालं तर काय करत्यात?"

"कसं?"

"थोडं खराब झालंय. पन कोन्तं ते कळत न्हाई."

हे मला झोपेतही सांगता आलं असतं. "कुठलं खराब ते ओळखता येत नसेल, तर तेवढं सगळं खराब धरायचं."

"समदं?"

"सगळं. चुकीचं देण्यापेक्षा न दिलेलं बरं."

तिने मान हलवली. खाली विहिरीत कबुतरं घुमत होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी धरता?"

"धरायला पाहिजे."

"म्या ते न्हाई इचारलं."

तिला माझ्या ऑफिसातलं काही माहीत नव्हतं. गच्चीवरच्या बोलण्यातलं तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं, आणि कळावं असं तिला वाटतही नव्हतं. ती फक्त धान्य घेताना माणूस मूठभर हातात घेऊन बघतो तसं माझं उत्तर बघत होती, की हे दुकानातलं आहे की घरी खाल्लेलं.

मी म्हटलं, "आजपासून धरते."

याचा अर्थ तिला कळायचं कारण नव्हतं. तिने तो विचारलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाया घेतल्या आणि विहिरीकडच्या ओळींतली त्या दिवसांची सगळी बोंडं तोडली. दोऱ्यांसकट. हिरवी बोंडं घमेल्यात पडतात तेव्हा बोथट, जड आवाज होतो, आणि रिकामं घमेलं भरत जातं तसा तो खाली खाली जातो.  आपण बांधलेला दोरा आपणच तोडायचा म्हणजे काय, हे बायांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गयाबाई सगळ्यांत पुढे होती. तिने त्या दिवसाची मजुरी घ्यायची नाही असं ठरवलेलं होतं आणि वहिनीने ती द्यायची असं ठरवलेलं होतं. त्यावरून बांधावर त्या दोघींची जी वादावादी झाली तेवढाच त्या दिवसातला आवाज. वहिनी जिंकली. दादा दुपारी ताट समोर आल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवला.

मी गच्चीवर गेले आणि माझी हरकत आहे असं लिहिलं. मॅनेजरचा फोन आला. तो चिडला नाही. त्याने पुन्हा सगळं सभ्यपणे विचारलं, आणि मग आपण वर काय सांगायचं ते विचारलं. मी म्हटलं, सांगा की आम्ही 'लिहिलं' म्हणतो ते प्रत्येक वेळी खरं नाही.  मागे शेवग्यावर पोपट ओरडत होते आणि ते त्यालाही ऐकू जात असणार.

आवृत्ती थांबली. माझ्याबद्दल काही बोललं गेलं, ते मला योग्य वळणांनी पोचलं. गावाकडे जाऊन बसल्यामुळे वेग कमी झालाय, असं. दादाच्या खोलीतल्या ढोरासमोर मी बरेच दिवस बसले, लाईट जायची वाट बघत. एरवी जिला शिव्या देतो तिची वाट बघताना फार अवघडल्यासारखं होतं. दादाही वाट बघू लागला. लाईट गेली की तो पडल्या पडल्या हाक मारायचा, "सुषे, गेली बघ, लिही." शेवटी सापडलं. दोन ओळी चुकीच्या क्रमाने होत्या. आधी 'लिहिलं' असं उत्तर देत होतो, मग डिस्कला विचारून घेत होतो. क्रम बदलला. एवढंच. नवी आवृत्ती उशिरा निघाली, आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

बिघडलं असतं का, हे मात्र मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. टळलेल्या गोष्टीचा पुरावा कुठे मिळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात मोठं नाव त्यांचं होतं, जे आग लागल्यावर धावतात. चूल नीट विझवून झोपणाऱ्यांचा फ्लेक्स अजून कुठल्या फाट्यावर लागलेला नाही, आणि लागला तरी त्यावर नऊ पुरुष असतीलच.

उन्हाळ्यात वहिनीच्या बियाण्याचा निकाल आला. पास. मी तेव्हा पुण्यात होते. फोनवर तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की आधी मला नापास ऐकल्यासारखं झालं. दादाने मागून ओरडून सांगितलं की मग बोंडं उगंच तोडली ना. त्याचंही म्हणणं खोडून काढता येत नाही. न तोडताही पास झालं असतं, कदाचित.  पुढच्या वर्षी वहिनीने प्लॉट वाढवला. ऑर्गनायझरने स्वतःहून दिला. त्या वर्षीपासून विहिरीकडच्या ओळी ती स्वतः करते, आणि बाया रानाबाहेर पडण्याआधी एकेक झाड पाहते.

माझ्या हाताखालच्या मुलांना मी आता फारसं शिकवत नाही. कोणी काही तपासून आणलं की एकच विचारते, तुम्ही हे खरोखर धरता का. त्यांना तो एखादा गूढ प्रश्न वाटतो. एकाने तो छापून भिंतीवर लावला, माझ्या नावासकट. मी तो काढायला सांगितला. फ्लेक्सचा मला तसाही थोडा धसका आहे.

काल दुपारी जेवणानंतर मी वहिनीला फोन केला. नख पुरेसं वाढलंय, चार दिवस सुटी काढून येते म्हणून. ती म्हणाली, या, सोलायला हात कमी पडून राह्यलेत. मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं की मंडळाने या वर्षी तिचा सत्कार ठरवला होता. आदर्श महिला शेतकरी. फ्लेक्स पण झाला होता.

"मग?"

"चारचा टाईम देऊन राह्यले व्हते. म्या म्हनलं, सोलायच्या टायमाला बिलकुल जमनार न्हाई. बारा ते दोनमंदी करा."

"मग केला?"

"पाव्हन्याला बारा ते दोनमंदी जमत न्हाई म्हने."

"आणि सत्कार?"

"राह्यला," ती म्हणाली. "फ्लेक्स चांगला जाड व्हता. टोप्यांच्या गठ्ठ्यावर टाकलाय, पावसाचा."

मी हसले, तीही थोडी हसली असावी. पलीकडे बायांचा आवाज वाढला, कोणीतरी गेट ढकललं. ती ठेवते म्हणाली, पण फोन लगेच बंद केला नाही, तसाच हातात धरून चालायला लागली असणार. पावलांखाली वाळकी पानं मोडत होती. मग तिचा आवाज आला, थोडा लांबून, माझ्यासाठी नसलेला.

"टोप्या घेतल्या का गं समद्यांनी?"